बांधावरून पळत येणारा माणूस

नेरूळला राहायला गेलो तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. त्याआधी शेवटचं पळालो होतो ते बहुधा कॉलेजात असताना, बस पकडायला, आणि ती बसही मिळाली नव्हती. त्यामुळे मी रोज सकाळी पळायला जातो हे कारखान्यात कळलं तेव्हा लोकांना हसू आलं, यात त्यांची काही चूक नव्हती. "या वयात पोलीस भरतीला उतरताय की काय?" आमच्या प्रयोगशाळेतल्या एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "मागे कोण लागलंय तुमच्या?" मीही हसलो. मागे कोणी लागलं असतं तर मला बरंच वाटलं असतं, पण हे काही जेवणाच्या सुट्टीत सांगण्यासारखं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात माझी नोकरी होती. लालबागहून रोज तिथे जाऊन येण्यात जीव मेटाकुटीला यायचा. सोडतीत नंबर लागला आणि नवी मुंबईत दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. बायको फोर्टात एका बँकेत होती आणि मुलगी लालबागच्याच शाळेत, दुसरीत. बायको म्हणाली, "आधी तुम्ही एकटे जाऊन राहा. तिथं माणसं आहेत का, ते बघा. मग आमचं ठरवू." मुदत पुढच्या जूनची ठरली. शाळा सुरू व्हायच्या आत ती सांगणार होती, येणार की नाही. आमच्या घरात असे निर्णय तीच घेते आणि ते बरोबर निघतात, याचा मला कित्येक वर्षं राग आहे.

माणसं आहेत का ते बघायला गेलो, तर माणसं नव्हती. इमारत होती, जिना होता, जिन्यात दिवाही होता, पण बहुतेक दारांना कुलपं. लोकांनी घरं घेऊन ठेवली होती आणि तेही आपापल्या जुन्या घरी बसून इथे माणसं येण्याची वाट बघत होते. रस्ते असे रुंद की दोन लग्नाच्या वराती शेजारून जाव्यात, आणि त्यांवर चिटपाखरू नाही. संध्याकाळी कामावरून यायचो, कुकर लावायचो, रेडिओ लावायचो. रेडिओवरचा माणूस बातम्या संपवून "नमस्कार" म्हणाला की मीही कधी कधी नमस्कार म्हणायचो. शनिवारी लालबागला जायचो. तिथे माझ्या खाटेवर एव्हाना पुतण्या झोपायला लागला होता आणि वहिनी मला "अजून थोडा भात घ्या" असा आग्रह करायला लागली होती. आपल्या घरी कोणी आग्रह करायला लागलं की समजावं, आपण पाहुणे झालो. इकडे तर मी घरमालक असून पाहुणाच होतो.

अशातच एकदा पहाटे जाग आली आणि पुन्हा झोप येईना. पडून छताकडे बघण्यापेक्षा बाहेर तरी पडावं म्हणून चप्पल घालून निघालो. समोर तो रिकामा रस्ता. का पळायला लागलो ते नक्की सांगता येत नाही. त्या रिकामेपणाचा मला राग आला, एवढं आठवतं. चपला काढून हातात घेतल्या आणि जीव घेऊन पळालो. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत गेलो असेन. तिथे बरगडीखाली अशी कळ आली की ओणवा होऊन उभा राहिलो. वाटलं, आता इथे आडवा झालो तर दूधवाला येईपर्यंत कोणाला कळायचं नाही. दूधवालाही एक दिवसाआड यायचा.

तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. वाशीला जाऊन पांढरे कॅनव्हासचे बूट आणले, शाळेत कवायतीला घालतात तसे. त्यांचा तळ इतका पातळ होता की रस्त्यावरची खडी मोजून घ्यावी. टाचांना फोड आले, ते फुटले, त्यावर खोबरेल लावून पुन्हा पळालो. गुडघे बोलायला लागले तेव्हा डांबर सोडून कडेच्या मुरमाच्या पट्टीवरून पळायला शिकलो. चहा पिऊन पळू नये, हे पोटाने शिकवलं. कुत्री दिसली की पळणं थांबवून, काही कामाला चालल्यासारखं चालत जावं, हे कुत्र्यांनी शिकवलं. सगळ्यात उशिरा कळलं ते सगळ्यात साधं होतं, की हळू पळायचं. मला इतके दिवस वाटत होतं की पळायचं म्हणजे जोरात. हळू पळण्याची लाज वाटायची, बघायला कोणी नसतानाही. ज्या दिवशी ती लाज सोडली त्या दिवशी मी ट्रान्सफॉर्मर ओलांडून पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो, आणि टाकीखाली उभा राहून वेड्यासारखा हसलो.

पळता पळता बोलता आलं पाहिजे, नाहीतर वेग जास्त आहे असं समजावं, असं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. सल्ला उत्तम, पण बोलायचं कोणाशी? मग मी बायकोशी बोलायला लागलो. मोठ्याने. मोकळ्या प्लॉटांमधून तिला नवी मुंबईचे फायदे समजावून सांगत पळायचो. हवा बघ, उजेड बघ, पोरीला खेळायला जागा बघ, उद्या इथे रेल्वे येईल, बाजार येईल. ती तिथे नसल्यामुळे तिला सगळं पटायचं. रविवारी प्रत्यक्ष भेटली की मात्र ती एकच विचारायची, "वस्ती झाली का?" मी म्हणायचो, "होतेय." ती भाजी निवडत मान हलवायची. हा विषय निघाला की माझा आवाज जरा वर जायचा आणि मग मुलगी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत बसायची.

टाकीच्या पलीकडे पायवाट होती आणि पायवाट संपली की खाडीचा बांध. मातीचा, कमरेहून उंच, वर एक माणूस पळू शकेल एवढा रुंद. एका बाजूला तिवरं आणि चिखल, दुसऱ्या बाजूला पूर्वीची भातखाचरं. त्यांत आता लव्हाळं माजलं होतं. जमीन शहरासाठी संपादन झाली होती आणि इमारती अजून तिथवर पोचल्या नव्हत्या. बांधात पुढे एक उघाडी होती. पावसाचं पाणी खाडीत जावं आणि भरतीचं आत येऊ नये म्हणून बसवलेलं लाकडी दार. मी उघाडीपर्यंत जायचो, तिथे थांबून धाप टाकायचो आणि अर्धं पळत अर्धं चालत परत फिरायचो. उघाडीच्या पुढे बांध वळून करावे गावाकडे जायचा. माड दिसायचे, घरांची कौलं दिसायची, काठाला लावलेल्या होड्या दिसायच्या, कोणाच्या तरी चुलीचा धूर दिसायचा. त्या धुराकडे बघत मी पुष्कळ वेळ उभा राहायचो. पण पुढे गेलो नाही. कोण म्हणून जाणार? गावात जायला काहीतरी काम लागतं.

न थांबता उघाडीला जाऊन न थांबता परत यायचं, हे मी मनाशी धरलं होतं. हिवाळ्यात जमेल असं वाटलं, जमलं नाही. होळी झाली, ऊन वाढलं, तरी परतीच्या वाटेवर टाकीपाशी पाय हात जोडायचे. मला ते जूनच्या आत करायचं होतं. त्याचा आणि बायकोच्या येण्याचा काही संबंध नव्हता, हे मलाही कळत होतं. पण एकट्या माणसाच्या डोक्यात असले संबंध लागतात खरे.

मे महिन्याच्या सुट्टीत त्या दोघी आठवडाभर राहायला आल्या. मी घर धुऊन काढलं होतं. बायकोने आल्या आल्या ते पुन्हा धुतलं. मुलगी जिन्यातून वर-खाली पळत सुटली, आणि त्या जिन्यात इतका आवाज मी प्रथमच ऐकत होतो. बायकोही बरी होती. गॅलरीत उभी राहून म्हणाली, "वारा छान आहे." मी या वाक्यावर दोन दिवस काढले.

तिच्या बँकेत कोणीतरी सांगितलं होतं की खाडीची कोळंबी खायची तर करावे गावातून घ्या. तेव्हा असं ठरलं की रविवारी सकाळी त्या दोघी रस्त्याने चालत गावात जाऊन कोळंबी घेतील आणि मी बांधावरून पळत येऊन त्यांना गावाच्या तोंडाशी भेटेन. शेवटी मला गावात जायला काम मिळालं. शिवाय ती मला पळताना बघणार होती. चाळिशीचा माणूस असला तरी या गोष्टीने फरक पडतो.

त्या दिवशी पाय हलके होते. भरती लागली होती, पाणी तिवरांच्या बुंध्यांत शिरत होतं. उघाडीपाशी न थांबता पहिल्यांदाच वळणावर गेलो. गाव जवळ आलं. गावाच्या टोकाला बायको उभी दिसली, हातात पिशवी, शेजारी मुलगी. मला इतका आनंद झाला की मी हळू पळण्याचा धडा विसरलो. दोन्ही हात वर करून हलवले, मुलीला जोरात हाक मारली आणि होता नव्हता तेवढा दम लावून सुटलो.

आधी एक बाई ओरडली. मग दारांतून माणसं बाहेर आली. मला वाटलं, गावात काहीतरी झालं. दोघे-तिघे फावडी घेऊन माझ्याच दिशेने पळत येत होते. मागून बायका, डोक्यावर घमेली. बायकोला कोळंबी देणारी बाईही टोपली तशीच टाकून निघाली होती. सगळ्यांच्या पुढे एक म्हातारा, अंगात नुसती बंडी, पायात काही नाही, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जोरात पळणारा. मी थांबलो. तो माझ्यापाशी येऊन थांबला आणि माझा दंड धरला.

"खांड कुठं गेली?" त्याने विचारलं.

"कसली?"

"बांदाला खांड गेली ना? पानी कुठं घुसलाय?"

"नाही हो," मी म्हणालो. "काही झालेलं नाही."

"मंग पलतंस कशाला?"

"व्यायाम," मी म्हणालो. त्याहून कुचकामी शब्द मी आयुष्यात उच्चारलेला नाही.

मागची माणसं पोचली. एक तरुण हसायला लागला, मग दुसरा. एका बाईने घमेलं खाली ठेवून पदराने तोंड पुसलं. म्हातारा हसला नाही. त्याने माझा दंड सोडला आणि बांधावर बसला. तरुण म्हणाला, "आजा, खांड गेली असती तरी काय? शेत कोनाचा हाय आता?"

"म्हाईत हाय मला," म्हातारा म्हणाला. "पन पाय निंगालं."

 कोळंबीवालीने परत जाताना माझ्या बायकोला सगळं सांगितलं. बांध फुटून खाडीचं पाणी खाचरात शिरलं की त्या वर्षीचं भात जायचं आणि पुढचीही काही वर्षं जमीन खारी व्हायची. "बाय, आमच्यात पयल्यापासून रिवाज हाय," ती म्हणाली. "बांदावरनं मानूस पलत आला का हातचा टाकायचा नी निंगायचा. इचारत बसायचा नाय." जमीन जाऊन कैक वर्षं झाली होती, आता पेरायचं काही नव्हतं आणि बुडायचंही. तरी फावडी दारामागे होती. मी माफी मागितली तेव्हा त्यांनी ती उडवून लावली, चहा पाजला आणि निघताना तरुण म्हणाला, "साहेब, यायचा तर रोज या. पन गाव दिसला का चालत या." ती शिस्त मी पुढे कायम पाळली.

परतताना मी हवेत होतो. नेरूळला आल्यापासून माझ्यासाठी कोणी साधं दार उघडलं नव्हतं आणि आज अख्खं गाव धावून आलं होतं. खरं तर माझ्यासाठी नव्हे, पण तेवढा हिशेब कोण करतो. "बघितलंस?" मी बायकोला म्हणालो. "तू म्हणत होतीस, माणसं नाहीत. किती माणसं आली बघ."

 आमचा जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबली. मुलगी पुढे वर गेली होती. खालच्या मजल्यावरच्या दोन्ही दारांना कुलपं होती. ती त्यांकडे बघत होती.

"आणि आपल्या बिल्डिंगमधून कोण येईल?" तिने विचारलं.

"समोर एक गृहस्थ राहतात," मी म्हणालो.

"नाव काय त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. दारावर पाटी नव्हती. जिन्यात भेटले तर आम्ही एकमेकांना वाट द्यायचो. त्यांना कामाची कसली तरी पाळी असायची, कधी सकाळी दिसायचे, कधी रात्री. मी हे सगळं सांगितलं नाही. म्हणालो, "चांगले आहेत." तिने मान हलवली, भाजी निवडताना हलवायची तशी, आणि वर जाऊन कोळंबी सोलायला बसली. कोळंबी अप्रतिम झाली होती. मला एक घास गोड लागला नाही.

जायच्या दिवशी बस स्टॉपवर तिने सांगितलं. "या वर्षी नको. तुम्ही कामावर, मी फोर्टात. पोरगी शाळेतून एकटी घरी येणार. पडली, धडपडली, घाबरली, तर तिने कोणाचं दार वाजवायचं?" चिडून बोलली असती तर मी भांडलो असतो. ती चिडली नव्हती. तिचे डोळे भरले होते, आणि बस आली म्हणून तिने ते मुलीच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत तसेच ठेवले. "पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली. मी पिशव्या वर चढवल्या. बस गेल्यावर घरी आलो, तर गॅलरीत मुलीचा एक फ्रॉक वाळत राहिला होता. तो काढायला मला चार दिवस धीर झाला नाही.

पळणं मात्र सोडलं नाही. उलट वाढलं. पळताना बायकोशी बोलणं बंद झालं, कारण आता तिला पटवायचं काही उरलं नव्हतं. नुसता श्वास ऐकत पळायचो. आणि गंमत म्हणजे पळणं सुधारलं. ढग आले होते, ऊन नव्हतं, जमीन मऊ झाली होती. जूनमधल्या एका सकाळी मी उघाडीला वळसा घालून परत निघालो, टाकीपाशी आलो आणि पाय थांबले नाहीत. टाकी मागे पडली, ट्रान्सफॉर्मर मागे पडला. इमारतीच्या फाटकाला हात लावला तेव्हा कळलं की मी कुठेच थांबलो नव्हतो.

वर्षभर ज्याची वाट बघितली ते झालं होतं. मी जिना चढलो, कुलूप काढायला किल्ली हातात घेतली आणि तसाच उभा राहिलो. आत जाऊन कोणाला सांगू? छाती धडधडत होती, घाम निथळत होता, आणि मला एकदम इतकं एकटं वाटलं की रडू येईल अशी भीती वाटली. मी वळलो आणि समोरचं दार वाजवलं. जरा जास्तच जोरात वाजवलं असावं.

दार लगेच उघडलं. ते गृहस्थ बनियनवर होते, गालाला दाढीच्या साबणाचा फेस. माझ्याकडे एकदा बघून म्हणाले, "थांबा." आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगात शर्ट होता, हातात किल्ल्या होत्या, पाय चपलांत सरकवत होते. गालावरचा फेस तसाच.

"चला," ते म्हणाले. "कोणाला काय झालं?"

"काही नाही हो," मी म्हणालो.  "मी पळायला जातो. आज पहिल्यांदा न थांबता परत आलो. म्हणून."

 "असं व्हय," ते म्हणाले. "मग बाहेर का उभे? आत या की. पाणी प्या."

त्यांनी तांब्याभर पाणी दिलं आणि उरलेली दाढी करायला भिंतीवरच्या आरशासमोर उभे राहिले. घर माझ्यासारखंच होतं. एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर कपडे. "तुमची मंडळी दिसली नाहीत एवढ्यात," ते आरशात बघत म्हणाले. "पोरगी लई गोड आहे. मे महिन्यात आली होती तेव्हा रोज दार वाजवायची माझं. काका, काका करून बसायची इथं. मी तिला म्हटलंय, केव्हाही ये. कधी येणार ती राहायला?"

"तिची शाळा सुरू झाली," मी म्हणालो. "तिकडेच."